तेल बदललं आणि क्लच घसरायला लागला. घर्षणाची ही भानगड कुणी इस्कटून सांगेल का?

तिसरा_गिअर · शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, आधी माझा मूर्खपणा सांगतो, मग प्रश्न.

माझी दीडशे सीसीची बाइक, वय वर्षे नऊ. ऑइल बदलायला आलं होतं. मित्राच्या कारच्या सर्व्हिसिंगमधून दीडेक लिटर ऑइल उरलं होतं. महागातलं सिंथेटिक, डब्यावर 'इंधन वाचवतं' असं लिहिलेलं. म्हटलं ऑइल ते ऑइल, आपल्या गाडीच्या नशिबी एवढं भारी ऑइल पुन्हा कधी यायचं? लिटरभर टाकलं. दोन दिवस गाडी लोण्यासारखी. तिसऱ्या दिवशी कात्रजच्या जुन्या घाटात, मागे बायको, पुढे पिशवी, ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागच्या जागी. शेजारून जाणारा रिक्षावाला "काका, ढकलू का?" म्हणाला. (माझं वय ३४.)

मेकॅनिकने डबा बघितला आणि शेजारच्या पोराला बोलावून दाखवला. दोघं हसले. "क्लच प्लेटा घसरतायत, साहेब. हे ऑइल आपलं नाही." का, ते त्याला सांगता आलं नाही आणि मला झोप येईना.

शंका अशा. बाइकच्या क्लच प्लेटा कायम तेलात बुडालेल्या असतात म्हणे. मग एरवी तरी त्या एकमेकींना पकडतात कशा? तेलाचं कामच जर घर्षण कमी करणं, तर या तेलाने पकड राहते आणि त्या तेलाने सुटते असं का? आणि शाळेत शिकलो की घर्षण फक्त वजनावर आणि पृष्ठभागांवर ठरतं, क्षेत्रफळावर नाही. मग लोक रुंद टायर कशाला घालतात?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_फिटर · शनिवार, रात्री १०:३१

डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलंय का बघा. ही दुचाकींसाठीची जपानी प्रमाणखूण आहे, १९९८ पासूनची. 'एमबी' असेल किंवा नुसताच गोल शिक्का आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असेल तर ते गिअरवाल्या बाइकला घालू नये. उद्याच ऑइल काढा. आणि मित्राला चहा पाजू नका.

शंकेखोर · शनिवार, रात्री १०:४४

माझ्या स्कूटरच्या ऑइलवर एमबीच लिहिलंय आणि चार वर्षं सुरळीत चालू आहे. हे सगळं कंपन्यांचं डबे खपवायचं तंत्र आहे.

जुना_फिटर · शनिवार, रात्री १०:५०

बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच वेगळ्या डब्यात, बेल्टच्या बाजूला, कोरडा असतो. इंजिनातलं तेल त्याला शिवतसुद्धा नाही, म्हणून तिथे एमबी चालतं. कारचंही तसंच, क्लच कोरडा. बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात नांदतात. तीन सुना, एक स्वयंपाकघर.

तिसरा_गिअर · शनिवार, रात्री १०:५५

डबा बघितला. गोल शिक्का आहे. खालच्या अर्ध्यात तेच शब्द आहेत. 😐

वंगणवेडी · रविवार, सकाळी ८:०५

चहा घेऊन बसले आहे, त्यामुळे लांबण लागणार. पोटापाण्यासाठी मी हेच करते (बेअरिंग्ज आणि त्यांची दुखणी).

आधी कोरडं घर्षण. क्षेत्रफळाचा संबंध नाही, हे फ्रान्सच्या आमोंतोंने १६९९ साली मांडलं. त्याच्या दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीने ठोकळे आडवे-उभे ओढून तेच पाहिलं होतं, पण ते वह्यांतच राहिलं. लोक मात्र 'क्षेत्रफळाचा संबंध नाही' यावर थांबतात. संबंध आहे. फक्त तो आपल्याला दिसणाऱ्या क्षेत्रफळाशी नाही.

मांडवात वीस फुटी सतरंजी अंथरली आणि तिच्यावर चारच माणसं बसली, तर सतरंजी किती दबली? चार माणसांपुरती. धातूचं तसंच. कितीही सपाट दिसू दे, सूक्ष्मदर्शकाखाली तो चढउतारांचाच असतो आणि दोन पृष्ठभाग टेकतात ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर. त्या टोकांवर दाब इतका प्रचंड येतो की ती चेपतात, आणि भार पेलण्याइतकी जागा तयार झाली की चेपणं थांबतं. साध्या पोलादाच्या ठोकळ्यावर १० किलो ठेवले तर खरोखर टेकलेली जागा एक चौरस मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते, मग ठोकळा तळहाताएवढा असो की पाटाएवढा. वजन दुप्पट केलं की ही जागा दुप्पट, म्हणून घर्षणही दुप्पट. विटेची कुठलीही बाजू खाली केली तरी वजन तेच, तेव्हा खरी जागाही तीच. विसाव्या शतकाच्या मध्यावर केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी हे चित्र पक्कं केलं.

आणि ज्या टोकांवर धातू धातूला भिडतो तिथे ती टोकं चक्क जोडली जातात, बारीक वेल्डिंग झाल्यासारखी. सरकवायचं म्हणजे ते सांधे तोडायचे. कोरड्या घर्षणातला मोठा वाटा हाच आहे.

क्लचवर नंतर येते, डोसे करायचेत.

शंकेखोर · रविवार, सकाळी ८:४०

> ज्या टोकांवर धातू धातूला भिडतो

म्हणजे टोकं घासून आरशासारखं पॉलिश केलं की घर्षण संपलं. सोपं आहे की.

जुना_फिटर · रविवार, सकाळी ९:१५

शंकेखोरराव, माझ्या टूलरूममध्ये पहिल्याच आठवड्यात तुमच्यासारखा प्रश्न विचारला आणि उस्तादांनी उत्तर हातात दिलं. स्लिप गेजचे दोन ठोकळे. मोजमापाचे पोलादी ठोकळे असतात, आरशासारखे गुळगुळीत. पुसून, जरासं तिरकं धरून एकावर एक सरकवत दाबले. "आता सोड वेगळे." ओढून निघेनात! चुंबक नाही, गोंद नाही. शेवटी बाजूला सरकवत पिळले तेव्हा सुटले. संध्याकाळी ते वेगळे न करता तसेच ठेवले म्हणून शिव्या खाल्ल्या त्या अजून कानात आहेत. रात्रभर राहिले तर कायमचे धरून बसायची भीती.

म्हणजे खरबरीत असलं की टोकं एकमेकांत अडकतात, म्हणून जड. फार गुळगुळीत केलं की पृष्ठभागच जवळ येऊन धरतात, म्हणून पुन्हा जड. सोय मधे कुठेतरी.

लेथच्या बेडवर चंद्रकोरीसारखे ओरखडे दिसतात ना? नवीन पोरांना वाटतं घासून खराब झालाय. ते स्क्रेपरने हाताने मुद्दाम काढलेले असतात. त्या खळग्यांत तेल बसून राहतं. सिलिंडरच्या आतल्या तिरप्या जाळीदार रेघाही त्याचसाठी. त्या गेल्या आणि भिंत आरशासारखी चकचकीत झाली की इंजिन तेल प्यायला लागलं समजा.

कुसळ · रविवार, सकाळी ९:४०

ह्येच जात्याला. आज्जी म्हनायची, जातं गुळगुळीत झालं की दाना नुसता फिरतो, दळत न्हाई. मग पाथरवट यायचा आन् टाकी लावून द्यायचा. त्या दिवशीचं पीठ कचकच लागायचं.

खगोल_चाळा · रविवार, सकाळी १०:०२

फिटरकाकांच्या ठोकळ्यांवरून आठवलं. अवकाशात हवा नाही, त्यामुळे धातूवरचा ऑक्साइडचा थर एकदा खरवडला की पुन्हा बनत नाही आणि उघडा धातू उघड्या धातूला धरून बसतो. गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानाची मोठी अँटेना एप्रिल १९९१ मध्ये छत्रीसारखी उघडायची होती. ती अर्धवट उघडून अडकली. तपासात निष्कर्ष असा निघाला की काड्यांच्या खिळांवरचं कोरडं वंगण झिजून गेलं होतं, आणि त्याला कारण बहुधा यान ट्रकमधून कॅलिफोर्निया-फ्लोरिडा ये-जा करताना बसलेले हादरे. सगळी मोहीम छोट्या अँटेनावर भागवली. अब्जावधी रुपयांचं यान आणि ट्रकचे हादरे!

वंगणवेडी · रविवार, दुपारी १२:२०

आपण 'कोरडं' म्हणतो ते खरं कोरडं कधीच नसतं, हा मुद्दा खगोल_चाळा यांनी आयता दिला. हवेतला ऑक्सिजन, दमटपणा, बोटांचा तेलकटपणा, धूळ, सगळ्याचा एक थर वर असतो आणि घर्षण ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो. पोलादावर पोलाद हवेत ०.६ ते ०.८ देतं (म्हणजे १० किलोचा ठोकळा सरकवायला ६ ते ८ किलोचा जोर). तेच पुसट तेलकट झालं की ०.१ च्या आसपास येतं. ठोकळे तेच, वजन तेच, मधल्या काही रेणूंचा फरक.

ग्राफाइटची गंमत सांगते. पेन्सिलीतलं शिसं बोटावर घासलं की सुळसुळीत लागतं. ते त्याच्या पापुद्र्यांमुळे, हे पुस्तकात असतं. पण दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंच उडायला लागली तेव्हा जनित्रांतले कार्बनचे ब्रश बघता बघता झिजून भुकटी व्हायला लागले. वर हवा कोरडी. ग्राफाइटचे पापुद्रे सहज सरकायला मधे पाण्याची वाफ लागते! याउलट मॉलिब्डेनम डायसल्फाइड निर्वातात झकास चालतं आणि दमट हवेत बिघडतं. त्यामुळे 'याचा घर्षणांक किती' असं एका वस्तूबद्दल कुणी विचारलं की मी आधी विचारते, कशावर, कुठल्या हवेत?

सोंगटी · रविवार, दुपारी १२:५१

कॅरमवाल्यांना हे कुणी शिकवायला नको! डिसेंबरात बोर्ड पळतो, जुलैत तोच बोर्ड ओल्या गोणपाटासारखा. पावडर कितीही टाका, गोळे होतात. आमच्या चाळीत गणपतीच्या स्पर्धेआधी बोर्डाखाली दिवा लावून ठेवायचे.

बोरिक पावडरच का, टाल्कम का नाही, हे कुणी सांगेल का?

वंगणवेडी · रविवार, दुपारी १:१०

बोरिक ॲसिडही पापुद्र्यांचं. थर आतून घट्ट, एकमेकांशी मात्र सैल. पत्त्यांचा कॅट तिरका ढकलल्यावर पसरतो तसे ते सरकतात. टाल्कमचेही पापुद्रेच असतात, पण डब्यातल्या टाल्कममध्ये सुगंध आणि काय काय असतं. बोर्ड चिकट होईल आणि राणी जास्मिनचा वास मारेल.

निसरडी_वाट · रविवार, दुपारी ३:३३

माझाही प्रश्न घ्या. जूनच्या पहिल्या सरीत, जेमतेम २० च्या वेगात, सिग्नलला ब्रेक मारला आणि आडवी झाले. जुलैत धो धो पावसात चाळीसने जाते, काही होत नाही. पाणी तर जुलैत जास्त असतं!

रूळबदल · रविवार, दुपारी ४:१८

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर रेल्वेत आहे. मी घाट सेक्शनमध्ये बरीच वर्षं काढली.

पोलादी चाक पोलादी रुळावर. कोरड्या दिवशी पकड ०.३ च्या आसपास, चांगला मुसळधार पाऊस पडला तर रूळ धुऊन निघतो आणि पकड थोडीच कमी होते. सगळ्यात वाईट म्हणजे बारीक भुरभुर, दव, पहाटेचं धुकं. रुळावर गंजाची बारीक भुकटी असते. तिच्यात अगदी थोडं पाणी मिसळलं की लेप तयार होतो, आणि चाक गरगर फिरतं. इंग्लंडात शरदात रुळावर पडलेली पानं चिरडून असाच काळा लेप होतो आणि पकड ०.०५ पर्यंत उतरते. तिकडचे लोक 'पानांमुळे गाडी लेट' म्हटल्यावर हसतात, पण ते खरं असतं.

आता हिशोब करा. बोरघाटात चढ ३७ ला १. म्हणजे हजार टनांची गाडी नुसती चढावर धरून ठेवायला २७ टनांची ओढ. इंजिन सुमारे १२० टनांचं. पकड ०.२५ धरली तर ते जास्तीत जास्त ३० टन ओढू शकतं, मग त्याच्यात घोडे कितीही असू देत. भुरभुर पावसात पकड ०.१५ झाली की १८. म्हणजे चाकं जागच्या जागी. म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, कसाऱ्यालाही तेच. प्रवासी वडापाव खातात तेवढ्यात हे उरकतं.

आणि चाकापुढे वाळू सोडतात. नळीतून, कोरडी, चाळलेली. ओली झाली तर नळी बसते, आणि ऐन वेळी नळी बसलेली असणं हा काय प्रकार असतो ते ज्याला भोगावं लागलं त्यालाच ठाऊक.

वंगणवेडी · रविवार, संध्याकाळी ५:०५

रूळबदलकाका, दंडवत. 🙏

निसरडी_वाट, रस्त्याचंही तेच. आठ महिने ऑइलचे थेंब, टायरची भुकटी, धूळ साचते. पहिल्या सरीत त्याचा लेप होतो. दोन-तीन जोरदार पाऊस झाले की रस्ता धुतला जातो, मग पाण्यातही खडीची टोकं रबरात रुततात.

पण फार पाणी आणि फार वेग, यांचा धोका निराळा. तो समजला की तेलाचं सगळं गणित समजतं.

सन १८८३ च्या सुमाराला लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने बोशां टॉवर नावाच्या माणसाला रेल्वेच्या आसांची बेअरिंग्ज तपासायला सांगितलं. आस खालून तेलात बुडालेला, वर बेअरिंगचं कवच, भार वरून. त्याने कवचाला माथ्यावर तेल घालायला भोक पाडलं, तर त्यातून तेल आत जाण्याऐवजी वर उसळून बाहेर! बूच मारलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर आली. दाबमापक लावला तर आतला दाब बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून जास्त निघाला.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. फिरणारा आस तेलाला चिकटवून ओढत नेतो. आस आणि कवच यांच्यातली फट पुढे निमुळती होत जाते. तेलाला निमुळत्या जागेत घुसवलं की दाब चढतो आणि तो दाब सगळा भार उचलून धरतो. धातूला धातू लागतच नाही. घर्षणांक ०.००१ ते ०.०१. टोकांचं, सांध्यांचं सगळं पुराण संपलं, आता घर्षण म्हणजे फक्त तेल तेलावर सरकण्याचा विरोध. आणि ही तेलाची पाचर आपली आपण तयार होते, फक्त वेग हवा.

जोरात जाणाऱ्या कारच्या टायरखाली पाण्याची तीच पाचर होते. टायरमध्ये ३० पीएसआय हवा, रस्त्यावर पुरेसं पाणी, आणि साधारण ९० किमीचा वेग. टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. बेअरिंग ज्यामुळे जगतं त्यानेच माणूस मरतो. हवा कमी असेल तर हे आणखी कमी वेगात होतं. दुचाकीचा टायर अरुंद आणि गोल, तो पाणी कापतो, म्हणून तुम्ही जुलैत टिकता.

शंकेखोर · रविवार, संध्याकाळी ५:४०

सगळं खरं, पण मूळ धागाकर्ता घाटात उभा आहे अजून.

वंगणवेडी · रविवार, रात्री ९:३०

येते, येते.

तेलाची पाचर टिकेल का, हे तीन गोष्टींवर: तेलाचा दाटपणा, वेग, भार. पहिले दोन वाढले की थर जाड, भार वाढला की पातळ. जर्मनीत श्ट्रिबेकने १९०२ च्या सुमाराला हे मोजून आलेख काढला. वेग शून्याजवळ असताना घर्षण ०.१ च्या घरात, कारण टोकं टोकांना टेकलेली. वेग वाढत गेला की तेल भार उचलायला लागतं आणि घर्षण धडाधड खाली येतं, शंभरपटीपर्यंत. तळ गाठला की पुन्हा हळूहळू चढतं, कारण आता जाड थराला घुसळण्यात शक्ती जाते. म्हणून 'जितकं दाट तेल तितकं चांगलं' हेही खोटं. आणि म्हणूनच इंजिनाची बरीचशी झीज सकाळच्या पहिल्या किकला. थर नाही, वेग नाही.

आता क्लच. क्लच धरल्यावर प्लेटा एकमेकींबरोबर फिरतात, म्हणजे त्यांच्यातला सापेक्ष वेग शून्य. पाचर व्हायला वेग लागतो, तो नाही. त्यात स्प्रिंगचा दाब, आणि प्लेटांवर तेल निसटून जायला खाचा कापलेल्या. थोडक्यात प्लेटा आलेखाच्या डाव्या टोकाला बसलेल्या असतात, जिथे तेल असूनही तेलाची पाचर नसते. तिसरा_गिअर, तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर एवढंच.

त्या टोकाला तेलाचा दाटपणा फारसा कामाचा नाही. तिथे राज्य करते रसायनशास्त्राची बाजू: धातूवर चिकटून बसलेला रेणूंचा एक-दोन थरांचा लेप. इंधन वाचवणाऱ्या तेलांत यासाठी मुद्दाम घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूंचं डोकं पृष्ठभागाला चिकटतं आणि शेपटी वर उभी राहते, मखमलीच्या लवेसारखी. कॅम, पिस्टनच्या रिंगा यांना ती वरदान. पण त्याच तेलात न्हाणाऱ्या क्लचलाही ती मखमल चढते. दोन तेलं दाटपणाला तंतोतंत सारखी असतील आणि क्लच एकात धरेल, दुसऱ्यात घसरेल. एमए-एमबीच्या चाचणीत नेमकं हेच मोजतात: तेलातल्या प्लेटांचं फिरतानाचं घर्षण, स्थिर असतानाचं घर्षण, आणि थांबायला लागणारा वेळ.

आणखी एक गंमत. कोरड्या क्लचचा घर्षणांक ०.३५ च्या आसपास, तेलातल्याचा ०.१२ च्या. एक तृतीयांश! मग बाइकवाल्यांनी काय केलं? प्लेटा मोठ्या केल्या नाहीत. संख्या वाढवली. एकाच स्प्रिंगचा दाब सगळ्या प्लेटांतून पुढे जातो, म्हणून प्रत्येक जोडीला पूर्ण भार फुकट मिळतो. पाच प्लेटा म्हणजे दहा चेहरे, दहा गुणिले ०.१२ म्हणजे १.२. कारची एकच प्लेट, दोन चेहरे, ०.७. आमोंतों बघून खूश झाला असता. पण तुमच्या नऊ वर्षांच्या स्प्रिंगा आधीच थकलेल्या, हातचा काही शिल्लक नव्हता. मखमल चढली आणि घाटात गाडीने हात टेकले.

तिसरा_गिअर · रविवार, रात्री ९:५२

ताई, साष्टांग. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझं वजन कारण नव्हतं, हे लिहून घे."

रुंद टायरचं राहिलं.

वंगणवेडी · रविवार, रात्री १०:०५

वहिनींना सांगा, भारामुळे पकड वाढतेच.

रबर आमोंतोंचं ऐकत नाही. ते मऊ, खडीच्या खाचाखोचांत शिरतं, त्यामुळे दाब वाढवला की टेकलेली जागा त्या प्रमाणात वाढत नाही. भार जास्त जागेवर पसरवला तर रबर थोडी जास्त पकड देतं. शिवाय रुंद असेल तर मऊ रबर वापरता येतं, ते लवकर तापत आणि झिजत नाही. पण दीडशे सीसीला रुंद टायर घालून फक्त मायलेज जाईल.

कुसळ · सोमवार, सकाळी ७:१०

आमच्याकडं बैलगाडीला वंगन घालायचे. एरंडेल, त्यात जळक्या चिंध्यांची नाहीतर गवताची काळी राख कालवलेली. बांबूच्या नळकांड्यात भरून गाडीखाली टांगलेलं. आसावर दोन बोटं लावलं की कुरकुर बंद. एकदा मी शहाणपणा करून घरातलं करडईचं तेल लावलं, तर महिन्यात चाक चिकटून बसलं. आज्ज्यानं बडवला. पण एरंडेलच का, ते कोन सांगल?

वंगणवेडी · सोमवार, सकाळी ८:२०

कुसळदादा, आजोबांनी नकळत सूत्र सांभाळलं होतं! बैलगाडीचं चाक हळू आणि भार मोठा, म्हणजे पाचर व्हायचीच नाही, कायम आलेखाच्या डाव्या टोकाला. तिथे धातूला घट्ट चिकटणारा रेणू हवा. एरंडेलाच्या मुख्य आम्लाच्या रेणूत एक जास्तीचं टोक असतं, त्यामुळे ते चिकटतंही आणि दाटही असतं. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या सिलिंडरांच्या विमानांच्या इंजिनांतही एरंडेलच घालत, कारण पेट्रोलमध्ये ते सहजासहजी विरघळत नाही. कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टर म्हणजे एरंडावरूनच आलं. राख म्हणजे कार्बनची भुकटी, कोरडं वंगण.

करडईचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्याचा रंगासारखा पापुद्रा होतो. म्हणून शिलाई मशीनला खाण्याचं तेल घालू नये. खोबरेल वाळत नाही, पण पारा २४ च्या खाली गेला की थिजतं. पुण्याच्या जानेवारीत बिजागरीला खोबरेल म्हणजे मेणबत्ती लावल्यासारखंच.

राळ_आणि_तार · सोमवार, सकाळी ११:०२

सगळे घर्षण कमी करायच्या मागे आहेत, मी रोज वाढवते. व्हायोलिनच्या गजाला राळ लावली नाही तर तारेतून आवाजच निघत नाही. गज तारेला धरून ओढतो, तार सुटून मागे झेपावते, पुन्हा धरली जाते, सेकंदाला शेकडो वेळा. हे जमतं कारण राळेची थांबलेली पकड सरकत्या पकडीपेक्षा बरीच जास्त असते. तेलाचं बोट गजाला लागलं तर केस बदलावे लागतात. दार कुरकुरतं तेही याच कारणाने, फक्त सूर लागत नाही.

तिसरा_गिअर · शनिवार, संध्याकाळी ६:४५

अपडेट. ऑइल काढलं, एमए२ चं घातलं, तीनशे किलोमीटरनंतर तेही काढून पुन्हा ताजं घातलं. पकड बरीच परत आली, पण घाटात शंका होतीच, म्हणून प्लेटा आणि स्प्रिंगा बदलल्या. मेकॅनिकने जुनी स्प्रिंग नवीच्या शेजारी उभी करून दाखवली, दोनेक मिलिमीटर बुटकी. कात्रज चढून आलो, तिसऱ्या गिअरमध्ये, मागे बायको, पुढे पिशवी. रिक्षावाला दिसला नाही.

कारचं अर्धा लिटर ऑइल उरलंय. टाकवत नाही. कशाला वापरू?

जुना_फिटर · शनिवार, संध्याकाळी ७:००

लोखंडी गेटच्या बिजागऱ्यांना. आधी गंज खरवडा, मग चार थेंब.

तिसरा_गिअर · रविवार, सकाळी १०:२०

काल रात्री घातलं. गेट आता इतकं गुपचूप उघडतं की आज सकाळी दूधवाला थेट ओट्यापर्यंत आला आणि आजी दचकली. पंचवीस वर्षं ती गेटच्या आवाजावरून कोण आलंय ते ओळखायची. दूधवाला झटका द्यायचा, मी हळू ढकलायचो, आत्या अर्धवट उघडून तिरकी शिरायची. सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये.

राळ_आणि_तार ताई, राळ कुठे मिळते?